पिकअपचा टायर: रुंद नव्हे, मापाचा



गेल्या उन्हाळ्यात आमच्या गटाच्या पिकअपचे चारही टायर गुळगुळीत झाले. पुरंदरची भाजी भरायची, दिवे घाट उतरायचा आणि पहाटे पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डात पोचायचं, म्हणजे टायर झिजणारच. दुकानदार म्हणाला, "ताई, जरा रुंद टाका, माल जास्त बसेल." आम्हाला पटलं. पण भरलेली गाडी वळवली की पुढचा टायर मडगार्डच्या आतून घासायचा. दीड महिन्यात त्याच्या कडेला काप पडला. शेवटी पुन्हा जुन्या मापाचे टायर घ्यावे लागले. बचतीतले पैसे दोनदा गेले आणि एका सभासदाचं कर्ज पुढे ढकलावं लागलं. तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून आज हा विषय.

टायरच्या बाजूला आकडे असतात. समजा, २१५/७५ आर १५ असं लिहिलंय. २१५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ७५ म्हणजे टायरच्या भिंतीची उंची, रुंदीच्या ७५ टक्के. आर म्हणजे रेडियल. १५ म्हणजे रिमचा व्यास, इंचांत.

आता रुंदी २३५ केली आणि बाकी आकडे तेच ठेवले, तर भिंतीची उंचीही वाढते. अख्खं चाक साधारण ३० मिलिमीटरने उंच होतं. म्हणून ते घासतं. काट्यावर ६० दिसत असताना गाडी प्रत्यक्षात ६२-६३ च्या वेगाने धावते. स्टिअरिंग जड होतं, डिझेलही जास्त लागतं. रिम अरुंद असेल तर टायर तिच्यावर नीट बसत नाही.

मग माल कशावर ठरतो? मापाच्या पुढे भाराचा आकडा असतो, त्यावर. १०० असेल तर एक टायर ८०० किलो पेलतो, १०८ असेल तर १००० किलो. भरलेल्या गाडीचे मागच्या दोन चाकांवर २००० किलो येत असतील, तर १०८ पेक्षा कमी आकडा चालणार नाही. हा भारही हवा पूर्ण असेल तरच पेलतो. कमी हवेवर माल भरला की टायर तापतो आणि घाटात फुटू शकतो. आणि टायर कितीही दणकट घेतला तरी गाडीच्या पासिंगपेक्षा जास्त माल भरायचा नाही. स्प्रिंगा आणि ब्रेक तेच असतात ना!

रुंद टायर मऊ वाळूत कमी रुततो, हे खरं. पण पावसाळी डांबरी रस्त्यावर साचलेल्या पाण्यावरून तो लवकर घसरतो. वरवरच्या चिखलात अरुंद टायर खालच्या घट्ट जमिनीपर्यंत पोचतो. आपला रस्ता डांबराचा आणि बांधावरच्या चिखलाचा. त्याला कंपनीने दिलेलंच माप बरं.

दुकानात जाण्याआधी गाडीच्या पुस्तिकेतलं किंवा दाराजवळच्या पट्टीवरचं माप आणि हवेचा दाब वहीत लिहून घ्या. भाराचा आकडा मूळ टायरपेक्षा कमी नको. एका आसावर दोन्ही टायर सारखेच हवेत. टायरवर चार आकडी तारीख असते, तीही वाचा: २३२५ म्हणजे २०२५ सालचा २३ वा आठवडा. पावती गटाच्या नावाने घ्या. हवा टायर थंड असताना, निघण्याआधी तपासा.

पुढच्या बैठकीनंतर सगळ्याजणी गाडीभोवती उभ्या राहा आणि हे आकडे मोठ्याने वाचा. गाडी सगळ्यांची आहे, तेव्हा तिचं माप एकट्या ड्रायव्हरलाच माहीत असून कसं चालेल?