ताकदीची पुडी

आमच्या गावातल्या तालमीच्या एका पोराला टायफॉईड झाला. दवाखान्याच्या औषधाने ताप उतरला. पण अंगात बळ राहिले नाही. चार पावले चालला की पाय लटपटत. त्याला लवकर आखाड्यात उतरायचे होते. म्हणून त्याने आठवड्याच्या बाजारातून ताकदीची पुडी आणली. विकणारा म्हणाला, "जडीबुटी आहे. अपाय होणार नाही."

दोन महिन्यांत पोराचा चेहरा भरला. भूक वाढली. आई खूश झाली. मला म्हणाली, "गुरुजी, पोरगं कसं बाळसं धरतंय बघा!"

मी बघितले. तोंड गोल, पण हातपाय काडीसारखे. रात्री डोळ्याला डोळा लागत नव्हता. मी म्हणालो, "बाई, ही ताकद नव्हे. पुडी घ्या नि डॉक्टरांकडे चला."

डॉक्टरांनी सांगितले ते असे. अशा पुडीत कधी कधी स्टेरॉईड नावाचे औषध गुपचूप मिसळतात. त्याने भूक लागते, हुशारी वाटते. पण तोंड सुजते, झोप उडते, रक्तातली साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. बरेच दिवस घेऊन ती एकदम सोडली, तर जिवावर बेतते. म्हणून डॉक्टरांनी मोजून औषध दिले आणि ते हळूहळू कमी केले.

आयुर्वेदाला यात बोल लावू नका. आयुर्वेदाची रीत निराळी आहे. दुखण्यातून उठलेल्याला आधी पेज, मग मऊ भात, मग मुगाचे वरण. वाग्भट सांगतो, धडधाकट माणसानेही थंडीत आणि वसंतात निम्म्या ताकदीनेच व्यायाम करावा. इतर दिवसांत त्याहून कमी. कपाळाला घाम आला, तोंडाने श्वास घ्यावा लागला, की थांबावे. मग आजारातून उठलेल्याने किती करावा, तुम्हीच सांगा!

चरकाने झोपेला शरीराचा आधार म्हटले आहे. झोपेसाठी तळपायाला तिळाचे तेल चोळावे. म्हशीचे दूध प्यावे. दिवसा झोपू नये म्हणतात, पण अशक्त माणसाला मोकळीक आहे.

अश्वगंधा, म्हणजे आस्कंद, हेही जुने औषध. पण काहींच्या यकृताला ते बाधते, डोळे पिवळे होतात. गरोदर बाईने आणि थायरॉईडच्या गोळ्या घेणाऱ्याने ते विचारल्याशिवाय घेऊ नये. अमेरिकेत बॉस्टनच्या आसपासच्या दुकानांतली ७० आयुर्वेदी औषधे तपासल्याचा अहवाल २००४ साली निघाला. त्यांतल्या १४ मध्ये शिसे, पारा किंवा सोमल सापडला.

आता तुम्हाला वाचता येते. डबी हातात घ्या. बनवणाऱ्याचे नाव, पत्ता, लायसन नंबर, मुदत, आत काय काय आहे, सगळे वाचा. त्या पोराच्या पुडीवर एक अक्षर नव्हते.

पोरगा आता पंचवीस बैठका काढतो आणि नऊला झोपतो. आई म्हणते, वाळला.