जुना ग्राइंडर घेताना : आधी चाक फोडा, मग दाम बोला

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस मिरजेहून आमच्या एका स्नेह्यांचा फोन आला. ते सतारमेकर. म्हणाले, "भाईसाब, मुंबईत असता तर एक काम करा. आठ इंची चाकाचा, चौदाशे चाळीस फेऱ्यांचा जुना बेंच ग्राइंडर कुठे दिसला तर आमच्यासाठी पाहा. नवा नको."

नवा नको, हे ऐकून आम्हांला प्रथम आश्चर्य वाटले. बाजारात हल्ली दोन-अडीच हजारांपासून नवा ग्राइंडर मिळतो, मग भंगारातला कशाला? परंतु त्यांचे म्हणणे समजून घेतल्यावर पटले, आणि त्या निमित्ताने आम्ही दोन महिने जो बाजार पायाखाली घातला, त्याची हकीकत कारागीर आणि व्यापारी बंधूंच्या उपयोगी पडेल असे वाटल्यावरून येथे देत आहोत.

मिरजेच्या सतारमेकरांचा मूळ धंदा शिकलगारीचा, हे पुष्कळांना ठाऊक नसेल. तलवारी, भाले, कट्यारी यांना धार आणि झिलई देणारे हे लोक. संस्थानी काळात हत्यारांचे काम उतरले तेव्हा, एकोणिसाव्या शतकात, फरीदसाहेब नावाच्या शिकलगार कारागिराने तंबोरे दुरुस्त करता करता स्वतः घडवायला सुरुवात केली आणि पुढे सारी गल्लीच त्या कामाला लागली. २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. पण भोपळा कापायचा, तुणीचे लाकूड कोरायचे, तर पटाशीला धार हवीच. म्हणजे शिकलगारी हातातून सुटली तरी घरातून गेली नाही.

आता चौदाशे चाळीसचे गणित. आपल्याकडची वीज ५० सायकलची. दोन ध्रुवांची मोटर असेल तर ती मिनिटाला २८५० च्या आसपास फिरते, चार ध्रुवांची असेल तर १४४०. आठ इंची चाकाचा काठ २८५० वर सेकंदाला सुमारे ३० मीटर पळतो, म्हणजे ताशी शंभर किलोमीटरहून अधिक. १४४० वर त्याच्या निम्मा. वेल्डिंगची शिवण घासायला पहिला बरा. पण पटाशी, रंध्याचे पाते, कात्री यांची धार पातळ असते. वेगाच्या चाकावर क्षणभर जास्त टेकली की टोक निळे पडते. निळा रंग आला म्हणजे पोलाद तीनशे अंशांच्या घरात गेले आणि त्याचे पाणी उतरले. मग ते टोक घासून काढण्यावाचून गत्यंतर नाही. नव्या ग्राइंडरांपैकी बहुतेक २८०० च्या पुढचे, वजनाला हलके. चाक लागले की टेबलासकट थरथरतात. जुने चार ध्रुवांचे मशीन जाड बिडाचे, जागचे हलत नाही. स्नेह्यांना तेच हवे होते.

पाटीचे गिऱ्हाईक

शोध सुरू केला तेव्हा ध्यानात आले की या बाजारात आम्ही एकटे नाही. अमेरिकेत आणि इंग्लंडात जुने बेंच ग्राइंडर हौसेने जमवणारे लोक फार वर्षांपासून आहेत. सेंट लुईसला १९२० साली सुरू झालेल्या बाल्डोर कंपनीचे ग्राइंडर, ब्लॅक अँड डेकरचे, लंडनच्या वुल्फचे, असे नाव पाहून ते घेतात, उघडून साफ करतात, मूळ रंग देतात आणि मांडून ठेवतात. आपल्याकडेही असे गिऱ्हाईक आता दिसू लागले आहे. एक तरुण इंजिनियर आम्हांला पुण्याच्या जुन्या बाजारात भेटला. त्याच्या घरी सात ग्राइंडर आहेत आणि त्यांतले चालू फक्त दोन. आमचा या हौसेला विरोध नाही. ज्याला जे आवडते ते त्याने जमवावे. मुलुंडच्या कारखान्यात बनलेला जुना रॅलीवुल्फ मूळ पाटीसकट पाहिला की आमचाही हात त्यावरून फिरतो.

मात्र त्याचा परिणाम असा झाला की दर मशीनचा राहिला नाही, पाटीचा झाला. आणि जेथे पाटीला दर आला तेथे रंगारी आला. आतून मेलेले मशीन वरून हिरवा नाहीतर राखाडी हॅमरटोन मारून, पाटी ब्रासोने घासून मांडले जाते. कारागीर ते कामासाठी नेतो आणि फसतो.

आम्ही स्वतः असे फसलो आहोत, म्हणून लिहितो. २६ जुलै २००५ चा पाऊस मुंबईकर विसरलेले नाहीत. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलीमीटर पडला होता. त्यानंतर दोनएक महिन्यांनी आम्ही एका दुकानातून सहा इंची ग्राइंडर अठराशेला घेतला. नवा रंग, नवी वायर. दुकानदार म्हणाला, "एका कारखान्यातून बदली निघालेला आहे." आठवडाभर चालला, मग घुं घुं करू लागला आणि एके दिवशी वास येऊन बंद पडला. झाकण उघडले तर वायंडिंगच्या खाचांत पिवळा गाळ वाळून बसलेला. परत गेलो तर उत्तर मिळाले, "तुम्ही पाहून घेतला होता." पाहिला होता हे खरे; पण दाखवणाऱ्याला गाळ माहीत होता, आम्हांला नव्हता. ऐब झाकून माल देऊ नये, हे आपल्यातल्या व्यापाऱ्याला दुसऱ्या कोणी सांगायची गरज पडू नये. अठराशे रुपये गेले ते गेले.

कोठे काय मिळते

जुन्या ग्राइंडरचा माल येतो कुठून? मुंबईत एकेकाळी सर्वांत मोठा झरा गिरण्यांचा होता. १९८२ च्या संपानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली आणि त्यांच्या वर्कशॉपांतले बाकडे, शिकंजे, ग्राइंडर वजनावर बाहेर आले. तो झरा आता आटला. दुसरा जहाजांचा. दारूखान्याला आणि १९८३ पासून गुजरातेत अलंगला जहाजे तुटतात. त्यांच्या इंजिनखोलीतले ग्राइंडर भक्कम असतात यात शंका नाही. पण त्यांत एक मेख आहे, ती ध्यानात ठेवावी.

जहाजावरची वीज बहुधा ६० सायकलची. थ्री फेजचे मशीन ४४० व्होल्ट, ६० सायकलचे असेल तर आपल्या ४१५ व्होल्ट, ५० सायकलवर ते फिरते, परंतु हळू फिरते आणि जास्त तापते. सिंगल फेजचे ११५ व्होल्टचे असेल तर सरळ घरच्या विजेला जोडताच जळेल. ट्रान्सफॉर्मर लावला तरी ५० सायकलवर त्याला ११५ नव्हे, ९६ च्या आसपास व्होल्ट द्यावे लागतात. शिवाय सुरुवातीचे वायंडिंग तोडणारा आतला स्विच जास्त वेगासाठी बसवलेला असतो. कमी वेगावर तो कधी कधी सुटतच नाही, आणि ते वायंडिंग जळते. हे सारे सांभाळणारा वायंडर ओळखीचा असेल तरच जहाजाचा माल घ्यावा.

पुण्यात काही जमले नाही. दारूखान्याला दोन पाहिले, दोन्ही साठ सायकलचे. नागदेवी स्ट्रीटला नवा माल मुबलक. शेवटी चोर बाजार. जुम्म्याच्या पहाटे, फजरनंतर लगेच, मटण स्ट्रीटच्या आसपास रस्त्यावर माल मांडला जातो, तेव्हा बॅटरी घेऊन जावे लागते. तिसऱ्या जुम्म्याला एका म्हाताऱ्या चाचांच्या गोणपाटावर दोन ग्राइंडर शेजारी शेजारी दिसले. एकावर वुल्फची मूळ पाटी. दुसऱ्यावर पाटीच नाही, नुसती चार भोके, आणि अंगावर तीन थर रंग. कुठल्याच मशीनला चाक नव्हते.

"चाचा, चाके कुठे गेली?"

त्यांनी मागच्या बादलीकडे बोट दाखवले. बादलीत तुकडे. "मशीन न्या भाई. चाक माझ्याकडून मिळणार नाही."

आम्हांला वाटले चाके वेगळी विकत असतील. तेवढ्यात एक मुलगा तिसरे मशीन हातगाडीवरून घेऊन आला. चाचांनी त्याची चाके उतरवली, फुटपाथच्या कडेला उभी धरली आणि हातोडीने एकेक फोडून बादलीत टाकली. त्यांतले एक तर अगदी नवे दिसत होते. आम्ही म्हटले, वाजवून तरी पाहायचे होते. चाक बोटावर लटकवून लाकडी मुठीने हलके ठोकले तर चांगले चाक घंटेसारखे खणखणते आणि तडा असेल तर बद्द बोलते, ही परीक्षा सर्वांना ठाऊक आहे.

"ती परीक्षा ज्या चाकाचा इतिहास माहीत आहे त्याची," चाचा म्हणाले. "हे किती वेळा पडले, किती पाण्यात होते, कोणाला ठाऊक? आणि राळेचे चाक तर चांगले असले तरी बद्दच बोलते."

शेजारच्या स्टुलावर त्यांचे धाकटे बंधू पावती लिहीत बसले होते. कागद तोंडाजवळ धरून, मान एका बाजूला वळवून. १९८७ साली कुर्ल्याच्या एका कारखान्यात, भंगारातून मशीनसोबत आलेले चाक बसवले आणि बटण दाबले, एवढेच त्यांनी केले होते. गार्ड नव्हता. डावा डोळा गेला. ते मशीन चाचांनीच विकले होते. चाचांनी हे आम्हांला सांगितले नाही. बंधूंनी सांगितले, आणि तेही पावतीवरची मान वर न करता.

चाके नसल्यामुळे गिऱ्हाईक दर पाडून मागते, कधी सोडून जाते. चाचांचे त्यात नुकसान आहे, हे उघड आहे. जुम्म्याच्या रस्त्यावर, जिथे कोणी कोणाला विचारत नाही, तिथे हा माणूस अडतीस वर्षे चाके फोडतो आहे.

पाटीविना मशीन

दोन्ही मशीनांचा शाफ्ट आम्ही धरून वर-खाली हलवून पाहिला. वुल्फचा शाफ्ट बेअरिंगात खुळखुळत होता. बेअरिंग बदलता येते, तो दीड-दोनशेचा मामला. पण शाफ्टची बसायची जागाच झिजली असेल तर ती भरून खरादावर उतरवावी लागते आणि खर्च वाढतो. चाचांनी ते आपणहून सांगितले. बिनपाटीच्या मशीनचा शाफ्ट गच्च होता, हाताने फिरवला की बराच वेळ फिरत राही. आमच्या डोळ्यांदेखत ते इंजिनियर छापाचे एक गिऱ्हाईक आले आणि वुल्फ बारा हजारांना घेऊन गेले. बिनपाटीवाल्याकडे त्यांनी पाहिलेही नाही.

शनिवारी दुकान उघडे असताना आम्ही परत गेलो. सोबत मेगर आणि टॅकोमीटर नेला होता. वायंडिंग आणि बॉडी यांच्यामध्ये एक मेगओहमच्या खाली दाखवले तर मशीन घेऊ नये. येथे वीसच्या वर दाखवले. टॅकोमीटर शाफ्टच्या टोकाला टेकवला, आकडा आला १४८८. बिनभाराची मोटर पंधराशेच्या जवळ जाते आणि पाटीवर छापतात तो भाराखालचा आकडा असतो, म्हणजे हे चौदाशे चाळीसचेच मशीन. बटण बंद केल्यावर आवाज न करता सावकाश थांबले. दोन्ही बाजूंचे नट पाहिले: समोर उभे राहिले असता डाव्या हाताच्या चाकाचा नट उलट्या आट्याचा हवा, नाहीतर फिरताना तो आपोआप सुटतो. गार्ड मूळचे, जाड. रेस्ट एका बाजूचा नव्हता.

चाचांनी पंचेचाळीसशे सांगितले, अडतीसशेला ठरले. नागदेवीहून दोन बेअरिंगे, दोन चाके, स्विच आणि वायर घेतली, ते बावीसशे झाले. चाके घेताना त्यावरची अक्षरे वाचून घ्यावीत. पटाशीसाठी आम्ही पांढरे चाक घेतले, साठ नंबरचे, के ग्रेडचे. के म्हणजे मऊसर. मऊ चाकाचे बोथट कण लवकर गळतात आणि पाते कमी तापते. हिरवे चाक कार्बाईडच्या टोकांसाठी असते, साध्या पोलादाला ते लावू नये. चाकावर कमाल फेऱ्या छापलेल्या असतात, त्या मशीनच्या फेऱ्यांहून जास्त हव्यात. जाता जाता सांगायचे तर ही चाके परदेशी असतात असा पुष्कळांचा समज आहे. उरणजवळ मोऱ्याला ग्राइंडवेलचा कारखाना १९४१ साली निघाला आणि मद्रासला कार्बोरंडम युनिव्हर्सल १९५४ साली. आणि इंग्रजीतला कोरंडम हा शब्दसुद्धा आपल्या कुरुंदाचाच भाऊबंद.

बसवताना चाकाच्या दोन्ही अंगांना कागदी चकती आणि मग फ्लँज. नट घट्ट, पण पाना पाइपात घालून आवळू नये. हरवलेला रेस्ट आम्ही पट्टी वाकवून करून घेतला आणि चाकापासून तीन मिलीमीटरवर बसवला. फट जास्त राहिली तर पाते आत ओढले जाते. नवे चाक लावल्यावर एक मिनिट बाजूला उभे राहून रिकामे चालवावे, समोर उभे राहू नये. चाचांच्या बंधूंनी निरोप देताना एवढेच दोनदा सांगितले.

मशीन एस.टी.च्या पार्सलने मिरजेला गेले; वजन पस्तीस किलो भरले. चौथ्या दिवशी फोन आला. पटाशीला धार लावली, टोकावर रंग आला नाही. रंगाचे तीन थर त्यांनी खरवडले तेव्हा खाली बिडात उठवलेला एक आकडा निघाला, १९५६. तो सालाचा की साच्याचा हे त्यांना सांगता येईना, आम्हांलाही येत नाही. त्यांच्या मेहुण्यांना आता तसेच एक हवे आहे, सहा इंची चालेल म्हणतात. येत्या जुम्म्याला आम्ही पुन्हा बॅटरी घेऊन जाणार आहोत.