तिसऱ्या दिवसाची गृहभेट

बाळाला हात लावण्याआधी आशाताई, गावच्या आरोग्य स्वयंसेविका, मनगटावरचं घड्याळ काढतात, बांगड्या कोपराकडे सारतात आणि साबण मागतात. बोटांच्या बेचक्या, नखं, अंगठा, मनगट असं क्रमाने धुऊन झालं की हात वर धरून तसेच वाळू देतात. सासूबाईंनी आपलेपणाने पुढे केलेला पदर त्या हसून नाकारतात. "राहू द्या मावशी, वाऱ्यानेच वाळतात."

गडचिरोली जिल्ह्यातलं, धानाच्या बांध्यांनी वेढलेलं हे गाव. घर कवेलूंचं. बाळंतपण ग्रामीण रुग्णालयात झालेलं, आई आणि बाळ कालच घरी आलेले. आज तिसरा दिवस. भेट परवावर ढकलली तर चालत नाही का, असं मी वाटेत विचारलं होतं. आशाताईंनी बोटांवर मोजून दाखवलं : तीन, सात, चौदा, एकवीस, अठ्ठावीस, बेचाळीस. दवाखान्यात बाळंतपण झालं तर या सहा भेटी, घरी झालं तर पहिल्या दिवसाची एक जास्त. केंद्र सरकारने २०११ साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये हेच दिवस ठरलेले आहेत. मला उत्सुकता होती ती अशी : एखादा अभ्यास कुठेतरी छापून येतो, आणि काही वर्षांनी एक बाई नेमक्या तिसऱ्या दिवशी एखाद्या घराचं दार ठोठावते. या दोन्हींच्या मध्ये काय घडतं?

या दिवसांमागचं गणित साधं आणि कठोर आहे. जन्मल्यापासून अठ्ठावीस दिवसांत दगावणाऱ्या बाळांपैकी सुमारे तीन चतुर्थांश पहिल्या आठवड्यातच जातात. गावाला हे आधीपासून ठाऊक होतं. पाचवीच्या रात्री सटवाई ललाटलेख लिहायला येते म्हणून जागरण करायचं, हा पहारा धोक्याच्या दिवसांवरच बसवलेला होता. फक्त त्या पहाऱ्याकडे करण्यासारखं काही नव्हतं, आणि गेलेल्या बाळांची मोजदाद तर कुणाकडेच नव्हती. बारशाआधी गेलेल्या बाळाला नाव नसतं. नाव नसलेलं मूल सरकारी वहीत चढणं अवघड.

म्हणून गडचिरोलीतलं काम आधी मोजण्यापासून सुरू झालं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये 'सर्च' ही संस्था इथे सुरू केली. १९८८ मध्ये त्यांच्या कार्यक्षेत्रात हजार जन्मांमागे १२१ बाळं पहिल्या वाढदिवसाआधी दगावत होती. न्यूमोनियावरचं काम झाल्यावर लक्ष नवजात बाळांकडे वळलं. १९९५-९६ मध्ये ३९ गावांतल्या ७६३ नवजात बाळांच्या तब्येतीच्या नोंदी गावातल्याच शिकवून तयार केलेल्या बायकांनी घरोघरी जाऊन ठेवल्या. निम्म्याहून अधिक बाळांना उपचारांची गरज पडली होती. डॉक्टरपर्यंत पोहोचली अवघी २.६ टक्के. बाळ आजारी, दवाखाना दूर, आणि ओली बाळंतीण उंबरा ओलांडत नाही. तेव्हा उपचारालाच उंबऱ्याच्या आत जावं लागणार होतं.

आशाताई आता वजन करायला घेतात. आधी रिकामी झोळी काट्याला अडकवून काटा शून्यावर आणतात, मग बाळाला झोळीत ठेवून काटा डोळ्यांच्या रेषेत धरतात. दोन किलो चारशे. अडीच किलोंच्या खाली, म्हणजे कमी वजनाचं. गडचिरोलीच्या त्या अभ्यासात ४२ टक्के बाळं अशी होती. कमी वजनाचं प्रत्येक बाळ दगावत नाही. पण त्यात जंतुसंसर्गाची भर पडली, अंग गार पडलं किंवा दूध ओढणं थांबलं, की बाळ झपाट्याने खालावतं. वजन तर एका दिवसात वाढवता येत नाही. बाळाला ऊब देणं, दूध पाजणं, संसर्ग टाळणं आणि झालाच तर वेळेत ओळखणं मात्र घरात जमण्यासारखं आहे. आशाताई आधी बाळाच्या पोटाला हात लावतात, मग तळपायांना. पोट कोमट आणि पाय गार लागले, तर बाळ गारठायला लागलंय असं समजायचं. थर्मामीटर काखेत जातो तो त्यानंतर. पाय गारच लागतात. त्या बाळाला आईच्या छातीशी, कातडीला कातडी लागेल असं ठेवतात आणि वरून पांघरूण घालतात.

मग सगळ्यात शांत काम. बाळाच्या पोटावरचं कापड बाजूला करून त्या नुसत्या पाहत राहतात. घड्याळ समोर, ओठ हलताहेत. बाजेवरून आजी काहीतरी विचारते, त्या हातानेच थांबवतात. पूर्ण एक मिनिट. अर्धं मिनिट मोजून दुप्पट करायचं नाही, कारण इतकं लहान बाळ मध्येच काही क्षण श्वास थांबवतं, मग भरभर घेतं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त भरले, तर पुन्हा मोजायचे. दुसऱ्यांदाही तेवढेच आले तर ते धोक्याचं लक्षण.

श्वास मोजून न्यूमोनिया ओळखता येतो, ही गोष्ट १९८० च्या दशकात पापुआ न्यू गिनीमध्ये काम करणाऱ्या फ्रँक शान या बालरोगतज्ज्ञाच्या अभ्यासाने पुढे आली. एक्स-रे नाही, स्टेथोस्कोप नाही, अशा ठिकाणी कोणत्या मुलाला प्रतिजैविक द्यायचं, हा त्यांचा प्रश्न होता. उत्तर निघालं श्वासाच्या गतीत आणि आत ओढल्या जाणाऱ्या छातीत. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने वयानुसार आकडे ठरवले. गडचिरोलीत आणखी एक अडचण होती. गावातल्या सुइणींना साठपर्यंत मोजता येत नव्हतं. तेव्हा 'सर्च'ने लाकडी पट्टीवर मणी आणि शेजारी एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ बसवलं. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा, आणि वाळू संपायच्या आत शेवटचा मणी सरकला तर औषध. संशोधनाचा निष्कर्ष निरक्षर हातांना वापरता यावा म्हणून केलेलं हे काम मला मूळ शोधाइतकंच महत्त्वाचं वाटतं.

बाळाचे श्वास अठ्ठेचाळीस भरतात. आशाताई आकडा लिहून घेतात आणि नाळ पाहतात. आजी कोपऱ्यातली तेलाची वाटी पुढे करते. "काही लावू नका जी. कोरडी राहू द्या, आपोआप पडते."

काहीही न लावण्याच्या या सल्ल्यामागे बराच वाद आहे. नाळेला क्लोरहेक्सिडीन हे जंतुनाशक लावलं तर बालमृत्यू घटतात, असं नेपाळ, बांगलादेश आणि पाकिस्तानातल्या चाचण्यांमध्ये दिसलं होतं. झांबियात आणि टांझानियाच्या पेंबा बेटावर मोठ्या चाचण्या झाल्या, तेव्हा तसा फायदा दिसला नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१४ मध्ये सरसकट शिफारस केली नाही. घरी बाळंतपणं होतात आणि नवजात मृत्यूदर हजारी ३० किंवा त्याहून जास्त आहे, तिथे औषध लावा. इतरत्र नाळ कोरडी ठेवा, असं सांगितलं. प्रश्न एकच, पण तो कुठे विचारला त्यावर उत्तर बदललं. धोरण आखणाऱ्याला नुसता अभ्यासाचा निकाल पुरत नाही. आपलं गाव त्या अभ्यासातल्या गावासारखं आहे का, हेही पाहावं लागतं.

भेट संपत आली आणि माझी नजर आशाताईंच्या पिशवीकडे गेली. थर्मामीटर, काटा, टॉर्च, कापूस, पांघरूण. तिच्यात जे नव्हतं, त्याची कथाही सांगायला हवी.

'सर्च'ने गडचिरोलीत केलेल्या मूळ प्रयोगात आरोग्यदूत म्हणवल्या जाणाऱ्या, गावातूनच तयार केलेल्या बायका जंतुसंसर्ग झालेल्या बाळाला घरीच जेंटामायसिनचं इंजेक्शन देत होत्या, सोबत तोंडाने घ्यायचं प्रतिजैविक. संसर्ग झालेल्या बाळांमधलं मृत्यूचं प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आलं. प्रयोगाच्या तिसऱ्या वर्षी, १९९७-९८ मध्ये, नवजात मृत्यूदर प्रयोगाच्या ३९ गावांत हजारी २५.५ होता आणि तुलनेच्या ४७ गावांत ५९.६. दोन्हीकडच्या आधीच्या आकड्यांचा हिशेब धरून घट ६२ टक्क्यांची. डिसेंबर १९९९ मध्ये हे 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं आणि वादही सुरू झाला. थोडंफार शिकलेल्या बाईच्या हाती इंजेक्शन कसं द्यायचं? शिवाय गावं चिठ्ठ्या टाकून निवडलेली नव्हती. हा दुसरा आक्षेप शास्त्राच्या कसोटीवर रास्त होता. त्याला उत्तर वादातून मिळणार नव्हतं, प्रयोग दुसरीकडे करून पाहावा लागणार होता.

तसं झालंही. महाराष्ट्रात सात ठिकाणी सात संस्थांनी 'अंकुर' या नावाने तो करून पाहिला. बांगलादेशातल्या सिल्हेट जिल्ह्यात, गावांचे गट चिठ्ठ्या टाकून ठरवलेल्या चाचणीत ३४ टक्के घट दिसली. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी नवजात बाळांसाठी गृहभेटींची संयुक्त शिफारस केली. दरम्यान २००१ मध्ये 'कोवळी पानगळ' या अहवालाने महाराष्ट्रातले प्रत्यक्षातले बालमृत्यू सरकारी नोंदींपेक्षा कितीतरी जास्त असल्याचं दाखवलं आणि विधिमंडळापासून वर्तमानपत्रांपर्यंत गदारोळ झाला. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने गावोगावी 'आशा' स्वयंसेविका नेमल्या. अकराव्या पंचवार्षिक योजनेने घरोघरी नवजात बालसेवा स्वीकारली. म्हणजे अभ्यास छापून येण्यापासून २०११ च्या मार्गदर्शक सूचनांपर्यंत बारा वर्षं लागली. नुसता पुरावा पुरला नाही. हाती मनुष्यबळ यावं लागलं आणि राजकीय दबावही निर्माण व्हावा लागला.

पण या बारा वर्षांच्या वाटेत काही गोष्टी गळाल्या. इंजेक्शन आशाच्या पिशवीत आलं नाही. आजारी बाळ दवाखान्यात पाठवा, असं ठरलं. २०१४ मध्ये एएनएम परिचारिकेला ठरावीक परिस्थितीत जेंटामायसिन देण्याची मुभा मिळाली. प्रयोगात पहिल्या आठवड्यात पाच भेटी होत्या, योजनेत दोन, घरी बाळंतपण झालं तर तीन. प्रयोगात आरोग्यदूत बाळंतपणाच्या वेळी सुइणीबरोबर हजर असायची आणि देखरेख करणारा डॉक्टर पंधरवड्याला गावात यायचा. योजनेत आशाला एका बाळाच्या सगळ्या भेटींचे मिळून २५० रुपये ठरले. देखरेख गटप्रवर्तकाकडे गेली, आणि तिच्यावर बऱ्याच गावांचा भार. इतकं बदलल्यावर ६२ हा आकडा जसाच्या तसा भाषणात वापरणं म्हणजे निम्मं औषध देऊन पूर्ण गुणाची अपेक्षा धरणं. घानातल्या एका मोठ्या चाचणीत, जिथे गृहभेटी सरकारी यंत्रणेतल्याच स्वयंसेवकांकरवी झाल्या, घट ८ टक्के आली आणि तीही संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठाम ठरली नाही. गृहभेट निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नाही. गृहभेटीच्या नावाखाली घरात प्रत्यक्ष काय घडतं, त्यावर परिणाम ठरतो.

परतीच्या वाटेवर आशाताई भेटीचा अर्ज दाखवतात. वजन, ताप, श्वास, नाळ, डोळे, दूध ओढणं, रडणं. प्रत्येक रकान्यामागे कुठल्या तरी गावातली, कुठल्या तरी देशातली वर्षानुवर्षांची नोंद उभी आहे. अर्ज प्राथमिक आरोग्य केंद्रात जातो, तिथून तालुक्याला, तालुक्याहून जिल्ह्याला. वर पोहोचेपर्यंत त्याचा एक आकडा होतो : इतक्या गृहभेटी पूर्ण. आज त्यांनी पूर्ण एक मिनिट श्वास मोजले, काटा आधी शून्यावर आणला, गार पाय ओळखून बाळाला आईच्या छातीशी दिलं. घाईत, वाटेवर बसून भरलेल्या अर्जातही त्या रकान्यांत आकडे असते, आणि जिल्ह्याच्या तक्त्यात दोन्ही अर्ज सारखेच दिसले असते. आशाताईंना हे पुरतं ठाऊक आहे. "आम्ही कसं मोजतो ते बघायला कोणी येत नाही. अर्ज भरला का, तेवढं विचारतात."

दरम्यान गावंही बदलली आहेत. १९९० च्या दशकात इथली बहुतेक बाळंतपणं घरी होत. देशात संस्थात्मक प्रसूतींचं प्रमाण २००५-०६ मध्ये ३८.७ टक्के होतं, ते २०१९-२१ मध्ये ८८.६ टक्क्यांवर गेलं. देशाचा नवजात मृत्यूदर २००० मध्ये हजारी ४४ होता, २०२० मध्ये २०. यातला किती वाटा दवाखान्यातल्या बाळंतपणांचा, किती नवजात अतिदक्षता कक्षांचा आणि किती गृहभेटींचा, हे या दोन आकड्यांवरून वेगळं काढता येत नाही. पण जन्मानंतरचे पहिले दोन दिवस आता रुग्णालयात जातात, हे उघड आहे. मग गृहभेटीपुढचे प्रश्नही नवे आहेत : सुटी देताना बाळाचं वजन आशाला कळतं का? कमी वजनाच्या बाळाकडे जास्त भेटी होतात का? रुग्णालयातला कागद आणि आशाचा अर्ज कुठे एकत्र वाचले जातात का?

याची उत्तरं १९९९ च्या निबंधात मिळणार नाहीत. मिळतील ती अशाच घरांतून, जर पाहणारं कोणी पाठवलं तर. त्यासाठी मोठी नवी चाचणीच हवी असं नाही. प्रत्येक तालुक्यात दर महिन्याला चिठ्ठ्या टाकून काही घरं निवडावीत, आशाच्या हातानंतर तपासणाऱ्याने तोच काटा लावावा, तेच श्वास मोजावेत, आणि फरक आला तर आशाला धारेवर धरण्याऐवजी तिचं प्रशिक्षण आणि तिच्यावरचा भार तपासावा. गडचिरोलीच्या प्रयोगात जन्म-मृत्यूच्या नोंदी पुन्हा पडताळण्यासाठी दर सहा महिन्यांनी घरोघरी फेरी व्हायची. प्रयोगाचं यश सगळ्यांनी उचललं. पडताळणीची ती सवय मात्र योजनेत आली नाही, आणि ती आणण्यासाठी नव्या शोधाची वाट पाहायची गरज नाही.