भेटीचा तास कुणाचा?

कौटुंबिक न्यायालयाच्या बाकांवर तारखेची वाट पाहत बसलेल्यांना शेजारी बसलेला माणूस फुकट सल्ला देतोच. "बाळ लहान आहे ना, मग आईकडेच जाणार." "मुलगा सात वर्षांचा झाला की बापाचा." "पगार कुणाचा जास्त, त्याचा ताबा."

यातलं पहिलं वाक्य अर्धंच खरं आहे. हिंदू अज्ञान व पालकत्व कायदा, १९५६ म्हणतो की पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा 'सामान्यतः' आईकडे असावा. सगळी मेख त्या 'सामान्यतः'मध्ये आहे. पाचव्या वाढदिवसाला बाप मूल उचलून नेऊ शकत नाही, आणि आईकडे मुलाची आबाळ होते असं दिसलं तर चार वर्षांचं मूलही बापाकडे जाऊ शकतं. त्याच कायद्याच्या कलम १३ नुसार मुलाचं कल्याण सर्वोपरी. सातचा आकडा मुस्लिम व्यक्तिगत कायद्यातल्या हनफी परंपरेचा. तिथेही १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली अर्ज आला की न्यायाधीश मुलाचं हितच तोलतात.

पगार हा अनेक मुद्द्यांपैकी एक. मूल कमी कमावणाऱ्याकडे आणि खर्च जास्त कमावणाऱ्याकडे, अशी विभागणी सर्रास होते. सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या एका प्रकरणात मुलाला बापाऐवजी आईच्या आईवडिलांकडे राहू दिलं. त्याआधी न्यायमूर्तींनी मुलाशी दालनात स्वतः बातचीत केली होती. 'मूल अमुक वर्षांचं झालं की तेच ठरवतं' हा समजही म्हणूनच तपासून घ्यावा. कायद्यात वयाचा आकडा नाही. मूल समजून-उमजून मत देण्याइतकं मोठं असेल तर ते विचारात घेता येतं, एवढंच कायदा सांगतो. मत पढवलेलं आहे का, हे न्यायाधीश बघतातच.

पतिपत्नीचं भांडण आणि आईबापपण या दोन गोष्टी न्यायालय वेगळ्या धरतं. व्यभिचार हे घटस्फोटाचं कारण असू शकेल, पण तेवढ्यावरून आईला ताबा नाकारता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये म्हटलं. जोडीदाराच्या चॅटचे प्रिंटआउट गठ्ठ्याने दाखल करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

आता सर्वांत जास्त गैरसमजाचा विषय: देखरेखीखालची भेट. "मी काय गुन्हेगार आहे, की न्यायालयात बसून पोराला भेटू?" असं म्हणत कित्येक बाप, आणि हल्ली आयाही, पहिल्याच तारखेला पाठ फिरवतात. देखरेख म्हणजे दोषी ठरवणं नव्हे. मूल बऱ्याच महिन्यांत भेटलेलं नसतं, ते घाबरतं. किंवा मारहाणीचा, व्यसनाचा आरोप असतो आणि तो खरा की खोटा हे ठरायचं असतं. तोवर भेट साफ तोडणं चूक, मूल मोकळं सोपवणं धोक्याचं. म्हणून मधला मार्ग: न्यायालयातली मुलांची खोली, ठरलेला तास, जवळपास समुपदेशक.

त्या तासात काय होतं याला महत्त्व आहे, कारण भेटी कशा झाल्या हे पुढच्या आदेशासाठी पाहिलं जातं. मुलाने धावत येऊन मिठी मारली नाही म्हणून हरलो, असं समजू नका. सहा महिन्यांनी भेटणारं चार वर्षांचं मूल पहिल्या दिवशी आईच्या ओढणीमागे लपतं, हे स्वाभाविक आहे. महागडा रिमोटचा ट्रक घेऊन येणाऱ्यापेक्षा जमिनीवर बसून ठोकळे रचणारा बाप लवकर जवळचा होतो. "आई माझ्याबद्दल काय बोलते?" हा प्रश्न सुरुवातीलाच विचारणारा मात्र तास वाया घालवतो. ज्याच्याकडे ताबा आहे त्यानेही मुलाला वेळेवर आणायचं. 'ताप आहे' हे दर शनिवारचं कारण न्यायाधीशांना पाठ झालेलं असतं.

भेटी नीट झाल्या की अर्ज करता येतो. मग बागेतली भेट, दिवसभराची, पुढे ओव्हरनाइट, दिवाळी-मेच्या सुट्टीतली वाटणी. ताब्याचा कोणताही आदेश दगडावरची रेघ नसतो. परिस्थिती बदलली की तो बदलून मागता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्येच सांगून ठेवलं आहे. उलट वागणूक बिघडली तर मोकळी भेट पुन्हा देखरेखीखाली जाते.

"खर्च देत नाही, मग पोरगी दाखवणार नाही" आणि "पोरगी दाखवत नाही, मग खर्च नाही" हे दोन्ही हिशेब न्यायालयात चालत नाहीत. पोटगी आणि भेट वेगवेगळ्या. एक थकली म्हणून दुसरी अडवता येत नाही. थकबाकीच्या वसुलीसाठी आणि अडवलेल्या भेटीसाठी वेगवेगळा अर्ज करावा लागतो.

परदेशातून मूल घेऊन पुण्या-मुंबईला परतलेल्यांसाठी एक गोष्ट. मुलांच्या बेकायदा स्थलांतराबाबतच्या १९८० च्या हेग करारात भारत नाही. त्यामुळे न्यू जर्सीच्या न्यायालयाचा आदेश इथे आपोआप लागू होत नाही, पण तो कचऱ्यातही जात नाही. इथलं न्यायालय तो लक्षात घेतं आणि मुलाचं हित स्वतः ठरवतं.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. १९८७ च्या कायद्यानुसार स्त्रियांना आणि मुलांना उत्पन्न न पाहता तिथे मोफत वकील मिळतो.