इ.स. १७३९ ची सातारा वकिली : मराठे-इंग्रज व्यापारी राजनीतीचा एक टप्पा

प्रस्तावना :
शेजारी सत्तांमधील व्यापार हा केवळ मालाच्या देवघेवीचा विषय नसतो. बोलणी कोणाशी करावयाची, हा त्यातील पहिला प्रश्न असतो. मराठे व मुंबईकर इंग्रज यांच्या संबंधांत हा प्रश्न इ.स. १७३९ मध्ये कसा उपस्थित झाला, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पार्श्वभूमी :
इ.स. १६७४ मध्ये रायगडावर हेन्री ऑक्झिंडेनने केलेल्या तहान्वये इंग्रजांना शेकडा अडीच जकातीवर मराठी मुलखात व्यापाराची मुभा मिळाली. तेव्हा गादी आणि निर्णयशक्ती एकत्र होती. छत्रपती शाहू महाराजांच्या काळात गादी साताऱ्यास राहिली. तथापि मोहिमांची सूत्रे पेशव्यांकडे गेली. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली व मुंबईच्या उत्तरेस पोर्तुगीजांच्या जागी मराठे शेजारी म्हणून आले.

दोन वकील :
या स्थितीत मुंबईकरांनी दोन वकील पाठविले. कॅप्टन गॉर्डन शाहू महाराजांकडे गेला. महाराज त्या वेळी मिरजेच्या मोहिमेवर असल्याने वकिलास साताऱ्यापुढे त्यांच्या छावणीपर्यंत जावे लागले. मैत्रीचा संदेश हे उघड कारण होते. बाजीरावांच्या दरबारातील विरोधकांचा अंदाज घेणे हा अंतस्थ हेतू होता. कॅप्टन इंचबर्ड मात्र वसईस चिमाजी अप्पांकडे गेला. त्याच्याच बोलण्यांतून जुलै १७३९ चा तह झाला व पेशव्यांच्या मुलखात इंग्रजांना व्यापारास मोकळीक मिळाली. आदराचे पत्र गादीकडे गेले. सवलत मात्र घाट आणि बंदरे ज्यांच्या हाती होती, त्यांच्याकडून घेण्यात आली.

समारोप :
गॉर्डनला व्यापारी सवलत मिळाली नाही, म्हणून त्याची वकिली निष्फळ ठरविणे योग्य होणार नाही. मराठी सत्तेत दोन केंद्रे आहेत व त्यांच्यात अंतर आहे, ही माहिती इंग्रजांच्या दृष्टीने सवलतीइतकीच मोलाची होती. पुढे इ.स. १८१९ च्या तहाने सातारकर छत्रपतींचा परसत्तांशी पत्रव्यवहार करण्याचा अधिकारच संपुष्टात आला. गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधल्याच्या आरोपासह इतर आरोप ठेवून इ.स. १८३९ मध्ये प्रतापसिंह महाराजांना पदच्युत करण्यात आले. ज्या दरबाराकडे इंग्रजांनी वकील पाठविला होता, त्या दरबारास शंभर वर्षांनंतर स्वतःचा वकील पाठविण्याची मोकळीक उरली नव्हती.