उस्मानियाच्या रिकाम्या वॉर्डांत कॅमेरा

हैदराबादच्या नया पुलावर उभं राहिलं की मुसीच्या एका काठाला हायकोर्टाचे घुमट दिसतात, दुसऱ्या काठाला उस्मानिया दवाखान्याचे. दोन्ही इमारतींचा आराखडा व्हिन्सेंट एश यांचा. 28 सप्टेंबर 1908 च्या महापुरात अफजलगंजचा जुना दवाखाना गेला, आणि सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या काळात हा नवा उभा राहिला. जुन्या दवाखान्याचं नाव भुलीसाठी वापरल्या जाणाऱ्या क्लोरोफॉर्मच्या प्रयोगांमुळे त्याआधीच जगभर पोचलं होतं. 1888 आणि 1889 ची हैदराबाद क्लोरोफॉर्म कमिशनं डॉ. एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने त्या जुन्या दवाखान्यातच बसली. जगातल्या पहिल्या स्त्री-भूलतज्ज्ञांत गणल्या जाणाऱ्या डॉ. रूपाबाई फरदूनजी याच परंपरेतल्या.

उस्मानियाची ही वारसा इमारत जुलै 2020 पासून बंद आहे. त्या पावसाळ्यात वॉर्डांत गुडघाभर घाण पाणी शिरलं आणि रुग्णांना बाजूच्या इमारतींत हलवावं लागलं. त्याआधी छताचे पोपडे पडत म्हणून डॉक्टरांनी हेल्मेट घालून निषेध केला होता.

अशा ठिकाणी फोटो काढणं अवघड असतं ते उजेडामुळे. उंच खिडक्यांतून येणारा प्रकाश डोळे दिपवतो आणि दोन पावलांवर कोपरा काळाकुट्ट असतो. एका क्लिकमध्ये दोन्ही येत नाहीत. ट्रायपॉडवर कॅमेरा घट्ट बसवून, तो तसूभरही न हलवता, कमी-जास्त एक्स्पोजरचे चार-पाच फोटो घ्यावे लागतात आणि मग ते एकत्र करावे लागतात. कॅमेरा वर कलला तर खांब मागे झुकलेले दिसतात, म्हणून तो पातळीत हवा. भेगेजवळ मोजपट्टी धरायची, जागा आणि दिशा टिपून ठेवायची. पुढच्या वर्षी त्याच जागेवरून फोटो घेतला, तरच भेग रुंदावली की नाही हे कळतं.

पडझडीचे सुंदर फोटो पाहून लोक हळहळतात, पण मला त्यात रस नाही. 2015 साली सरकारने ही इमारत पाडायचा विचार मांडला तेव्हा वारसाप्रेमींनी विरोध केला आणि पुढे वाद कोर्टात गेला. तिथे उपयोगी पडते ती मोजपट्टीसकट केलेली नोंद. ओल कुठून झिरपते, पिंपळाचं मूळ कुठे शिरलं, चुन्याचा गिलावा कुठे सुटला आणि कुठे अजून ठणठणीत आहे, हे फोटोत दिसलं की दुरुस्तीचा विचार करता येतो. चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचं ठिगळ मारलं की ओल आत कोंडते, तेही फोटोत ओळखू येतं.

31 जानेवारी 2025 ला हैदराबादच्याच गोशामहल भागात उस्मानियाच्या नव्या इमारतीची पायाभरणी झाली. सगळं तिकडे हलण्याआधी एकेका वॉर्डाची अशी नोंद व्हायला हवी. आणि ही नोंद एकट्या हैदराबादची नाही; 1956 पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता. त्यामुळे नांदेड-परभणीच्या कुणाच्या ट्रंकेत या दवाखान्याचा केसपेपर किंवा व्हरांड्यातला एखादा जुना फोटो असेल, तर तोही या नोंदीत यावा. खाटा कशा मांडल्या होत्या, पंखे कुठे होते, हे अशा फोटोवरूनच कळेल.