कोरड्या ओढ्याकाठचा बेडूक

दौंड तालुक्यातील भांडगाव परिसर पर्जन्यछायेचा. तेथील ओढे वर्षातील बराच काळ कोरडे. अशा मुलखात बेडूक जगतो तरी कसा? उत्तर मातीखाली आहे. मागच्या पायांवरील फावड्यासारख्या उंचवट्यांनी माती उकरणारा एक छोटा, गुबगुबीत बेडूक पाठीमागे सरकत जमिनीत शिरतो आणि ओलसर थरात पावसाची वाट पाहतो. पहिल्या मोठ्या सरींनंतर माद्या उथळ डबक्यांत अंडी घालतात. डबके आटण्यापूर्वी पिलांना पाय फुटलेच पाहिजेत, एवढी घाई! या प्रजातीतील काही पश्चिम भारतीय बेडकांना पूर्वी ‘ब्रेव्हिसेप्स’ या जातीत गणले जाई. २०१७ मध्ये पुण्यातील संशोधकांनी त्यांतून ‘स्फेरोथेका पश्चिमा’ ही स्वतंत्र जात वेगळी केली. उन्हाळ्यात ओढा खोल करताना यंत्राने काठची भुसभुशीत माती उपसली जाते, तेव्हा हा रहिवासी आत दडलेलाच असतो.